चौथऱ्याचे अठ्ठेचाळीस फोटो

समाजाला आदराची स्थानं लागतात. ती नसतील तर माणसाला वाकण्याची सवयच राहत नाही, असं माझं वाचून आणि ऐकून बनलेलं मत आहे. आमच्या इंदिरानगरच्या चौकात असं एक स्थान होतं. काळ्या दगडाचा, छातीभर उंचीचा चौथरा आणि त्याला समोरून तीन पायऱ्या. येणारा-जाणारा तिथे क्षणभर थांबून, एक पाय पुढे घेऊन, कमरेत वाकल्याशिवाय पुढे जात नसे. दुसरी पायरी चपलेचा पट्टा लावायला अगदी योग्य उंचीची होती.

चौथऱ्यावर पुतळा नव्हता. पुतळा कुणाचा बसवायचा यावर वसाहतीच्या सुशोभीकरण समितीचं एकमत झालं नव्हतं, आणि एकमत होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं बरं दिसत नाही म्हणून समितीने आधी चौथरा बांधून घेतला. पुतळा उभा असेल, बसलेला असेल की घोड्यावर, हेही ठरलेलं नव्हतं. ऐनवेळी घोडा निघाला तर पंचाईत नको म्हणून लांबी घोड्याच्या बेताने धरली. मग चौथऱ्यावर पांढरं कापड घालून, नारळ फोडून, त्या रिकाम्या चौथऱ्याचं अनावरण झालं. कापड ओढल्यावर आतून काहीच निघालं नाही तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा शाळेत होते आणि मीही वाजवल्या. त्या वयात कापड ओढलं की टाळ्या वाजवायच्या एवढंच शिकवलेलं असतं. आता सत्तरीजवळ आल्यावर कळतं की पुढेही फारसं वेगळं काही शिकवत नाहीत.

तेव्हाचं इंदिरानगर म्हणजे निम्मी घरं आणि निम्मे मोकळे प्लॉट. प्लॉटांवर गवत, गवतात सिमेंटचे खांब आणि खांबांवर मालकाचं नाव. आमच्या गॅलरीतून सरळ पांडवलेण्याचा डोंगर दिसायचा, मध्ये अडवायला काही नव्हतं. झाडं लावलेली होती, पण ती गुडघ्याएवढी, त्यांनाच पिंजऱ्याची सावली लागायची. चौकात दुपारी सावली देणारी वस्तू एकच, चौथरा. त्यामुळे त्याच्या बाजूला सिंधूबाई भाजी घेऊन बसायची. ती देवळ्याकडची. लग्न होऊन जवळच्याच पाथर्डी गावात आली होती आणि आता एकटीच होती. एक मुलगी लग्न होऊन कळवणला गेलेली. सकाळी सातला ती दोन टोपल्या घेऊन यायची आणि दिवेलागणीला रिकाम्या टोपल्या एकात एक घालून जायची. मेथी, वांगी, गवार, भोपळा, हिरव्या मिरच्या, आणि टोपलीच्या कडेला ओल्या फडक्यात कोथिंबीर. कोथिंबीर ती मागितल्याशिवाय द्यायची आणि सल्लाही.

आमच्या घरात आई, वडील ज्यांना मी दादा म्हणायचे, मी आणि बापूकाका. बापूकाका दादांचा धाकटा भाऊ. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होता, लग्न केलेलं नव्हतं, आणि का नाही असं विचारलं तर म्हणायचा, "आराखडा मंजूर झाला होता, पण जागा मिळाली नाही." त्याला फोटोंचा नाद होता. घरातली एकुलती एक न्हाणी रविवारी दुपारी त्याच्या ताब्यात जायची. खिडकीला काळं कापड, वर लाल बल्ब, खाली आईच्या दोन पराती. या पराती स्वयंपाकात परत येऊ नयेत म्हणून आईने त्यांच्या काठाला लाल रंग लावला होता. फोटो मोठे करायचा एन्लार्जर त्याने दुधाच्या पावडरीच्या डब्यातून स्वतः बनवला होता आणि तो वापरताना अजूनही किंचित दुधाचा वास यायचा. बाहेर दादा खांद्यावर पंचा टाकून येरझाऱ्या घालत म्हणायचे, "या घरात आंघोळीलासुद्धा मुहूर्त काढावा लागतो." आतून काका ओरडायचा, "दार उघडू नकोस रे दादा, डोंगर येतोय!" आणि खरंच परातीत, कोऱ्या कागदावर, हळूहळू डोंगर यायचा. मी पुढे पुष्कळ डोंगर पाहिले, पण परातीत उगवणाऱ्या त्या डोंगराची सर कशाला नाही.

धुतलेले फोटो गच्चीवर वाळत पडायचे. उन्हाळ्यात तिथे आईच्या कुरडयाही असायच्या. एका बाजूला कुरडया, एका बाजूला फोटो, मध्ये सीमेसारखी एक काठी. वारा सुटला की ही सीमा कुणी पाळत नसे. आई मूळची सटाण्याची. एरवी नाशिकच्या बायकांसारखं नीटनेटकं बोलायची, पण संतापली की तिची भाषा माहेरी, अहिराणीत जायची. "हाई काय शे?" असा आवाज गच्चीवरून आला की समजायचं, एखाद्या कुरडईवर काकाचा कुणीतरी साहेब येऊन चिकटला आहे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा काकाने त्याचा जुना डबा कॅमेरा मला दिला. एका रोलमध्ये बारा फोटो. पहिला रोल मी एका दिवसात संपवला. गोदावरीचा घाट, एक देऊळ, दुसरं देऊळ, बैलजोडी, मावळता सूर्य, मैत्रीण, मैत्रिणीची सायकल, अशा बारा गोष्टींचे बारा. फोटो तयार झाल्यावर काकाने ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि बराच वेळ पाहत राहिला. मी कौतुकाची वाट पाहत होते.

"मंदे," तो म्हणाला, "तुझ्याकडे बारा पाहुणे आले होते. एकालाही तू बस म्हणाली नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढचा रोल एकाच गोष्टीचा. बाराच्या बारा."

"एकाच गोष्टीचे बारा? एक काढला की झालं की!"

"तुझी आई रोज वरण करते. एकदा केलं की झालं का?"

"पण कशाचे काढू?"

"जे पळून जाणार नाही, नटणार नाही आणि कॉपी मागणार नाही अशा कशाचेही."

मी गॅलरीतून बाहेर पाहिलं. या तिन्ही अटींत बसणारी वसाहतीतली एकच गोष्ट समोर उभी होती.

पहिले तीन फोटो मी समोरून काढले आणि तिन्ही सारखेच आले. चौथ्यापर्यंत मला त्या चौथऱ्याचा इतका कंटाळा आला की त्याचा फोटो काढण्याऐवजी मी त्याच्याकडे नुसती बघत बसले. काकाचा डाव तोच असावा. सातव्या-आठव्या फोटोपासून गंमत सुरू झाली. सकाळी नऊला काढलेला आणि दुपारी चारला काढलेला असे दोन फोटो शेजारी ठेवले, तर चौथरा तोच, पण सिंधूबाई पहिल्यात एका बाजूला आणि दुसऱ्यात बरोबर विरुद्ध बाजूला. मी तिला रोज पाहत होते, आई तिच्याकडून रोज भाजी घेत होती, आणि ती दिवसभर चौथऱ्याभोवती फिरते हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. सावली सरकली की ती टोपल्यांसकट हातभर सरकायची. सकाळी पश्चिमेला, थंडीत दुपारी उत्तरेला, तिसऱ्या प्रहरी पूर्वेला. मे महिन्यात बाराला सावलीच नसायची. तेव्हा ती डोक्यावर गोणपाट घेऊन दगडाला अशी चिकटून बसायची, की फोटोत ती चौथऱ्यातूनच कोरून काढल्यासारखी दिसते. एका फोटोत हे दिसलं नसतं. एका फोटोत दिसली असती भाजीवाली. बारा फोटोंत घड्याळ दिसलं.

त्यानंतर मला वेडच लागलं म्हणायला हरकत नाही. चौथऱ्याचा दुसरा रोल, तिसरा, चौथा. चार-पाच महिन्यांना एक रोल, इतका पुरवून पुरवून. पाऊस पडून गेल्यावर काळा दगड असा चमकायचा की जणू आताच पुतळा उतरून फिरायला गेला आहे. थंडीत कुत्री वर चढून ऊन खात बसायची, घोड्याच्या जागेवर चार कुत्री अगदी ऐसपैस. एकदा वर कुणाची तरी गादी वाळत होती. एकदा एक पोस्टमन वर पत्रं पसरून गल्लीवार लावत होता. आपण तेच तेच करतो आहोत असं लोकांना वाटत असताना आपल्याला मात्र रोज नवीन काहीतरी मिळत असतं, यात चोरून खाल्लेल्या खाऊसारखा आनंद असतो. माझी नात आता मोबाइलवर एकाच कॉफीच्या कपाचे चौदा फोटो काढते आणि त्यातले तेरा पुसून टाकते. मला ते तेरा पाहायचे असतात. तिला वाटतं आजीला मोबाइल कळत नाही.

सिंधूबाईला सुरुवातीला माझा संशय आला, मग राग आला, आणि मग सवय झाली.

"परत?" ती म्हणायची. "काल काढला ना वं माय? कालच्यापेक्षा मी गोरी झाले का?"

"तुमचा नाही काढत मावशी. चौथऱ्याचा काढते."

"त्याचा? त्याला काय नाक हाय का डोळे हाय?"

"तुम्ही पण येता त्यात."

"मग पदर नीट घेऊ दे थांब. माझ्या पोरीच्या लग्नातबी माझे एवढे फोटो नाय निघाले."

आणि पदर नीट घेऊन ती समोर बघत बसायची, तोवर गिऱ्हाईक यायचं, ती भाव सांगायला मान वळवायची, आणि मी तेव्हा बटण दाबायचे. ती ओरडायची, "ए, पदर घेतला तव्हा का नाय काढला?" हे आमचं भांडण दीड वर्ष चाललं.

आता अण्णासाहेबांबद्दल सांगायला हवं. ते सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष होते. एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले; कोणत्या खात्यातून हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. ते दोन माणसांशी बोलले तरी 'बंधू-भगिनींनो' असं ऐकू यायचं. माणूस वाईट नव्हता. वसाहतीत नळ, दिवे, बसचा थांबा हे सगळं त्यांच्याच अर्जांमुळे आलं होतं. त्यांना मधुमेह होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता, कारण त्यांच्या घरी गेलं की पाहुण्यालाही बिनसाखरेचा चहा मिळायचा. त्यांची बायको नलूकाकू स्वतःही तसाच चहा प्यायची. "त्यांच्यासमोर मी गोड पिऊ का?" असं ती म्हणायची आणि कपाकडे न बघता घोट घ्यायची. बुटकी, अबोल, चष्म्याला काळी दोरी लावणारी बाई. तिला समितीच्या कामात रस नव्हता. तिला बहुतेक कशातच रस नाही असं आम्हाला वाटायचं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर समितीचं एकमत झालं. पुतळा कुणाचाच नको, ज्ञानज्योत बसवायची. सिमेंटची, केशरी रंगाची, आत बल्ब असलेली ज्योत. ज्योतीवर कुणाचा आक्षेप असू शकत नाही आणि ती घोड्यावरही बसत नाही, त्यामुळे सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. पण ज्योतीभोवती रेलिंग आणि फुलांचे ताटवे येणार होते, आणि त्याआधी परिसर 'निर्वेध' करायचा होता. एका सकाळी अण्णासाहेब सिंधूबाईसमोर उभे राहिले आणि त्यांनी तिला गणपती विसर्जनापर्यंतची मुदत दिली.

मी भाजी आणायला गेले तेव्हा ती गवार निवडत होती. नेहमीसारखी भांडली नाही.

"दुसरीकडे बसा ना मावशी," मी म्हणाले. त्या वयात माणूस असले सल्ले देतो.

"कुठं? मार्केटात? तिथं ज्याची त्याची जागा ठरेल हाय. नव्या बाईला टोपली बी टेकवू देत नाय. इथं चार गल्ल्या मला वळखतात." मग चौथऱ्यावर हात ठेवून म्हणाली, "आन् उन्हात बसले तर मेथी दहा वाजता मरती. सावली यानंच दिली मला. नाय तर मग पोरीच्या दारात जाऊन बसायचं, कळवनला. जावयाच्या घरी भाकर गोड लागत नाय."

आई तिच्याकडून त्या दिवशी गरज नसताना दोन भोपळे घेऊन आली. दोघी बराच वेळ अहिराणीत बोलत होत्या. घरी आल्यावर आईने भोपळे धाडकन ओट्यावर ठेवले आणि दादांना म्हणाली, "तुम्ही समितीत आहात ना? तोंड आहे ना तुम्हाला?" दादा समितीत होते आणि त्यांना तोंडही होतं, पण बैठकीत त्यांनी विषय काढला तेव्हा अण्णासाहेबांनी सांगितलं, की ही जागा पहिल्या दिवसापासून पवित्र आणि मोकळी ठेवलेली आहे, ही बाई अलीकडे काही महिन्यांपासून येऊन बसते, आणि आताच उठवलं नाही तर तिचा हक्क तयार होईल. आठ माणसांनी माना हलवल्या. त्यातले सहा जण तिच्याकडून दीड-दोन वर्षं भाजी नेत होते.

काही महिन्यांपासून! माझं डोकंच फिरलं. माझ्याकडे अठ्ठेचाळीस फोटो होते, त्यात दोन उन्हाळे, एक पूर्ण पावसाळा आणि दोन हिवाळे होते, आणि या सगळ्यांत सिंधूबाई होती. गणेशोत्सवात दरवर्षी वाचनालयाच्या खोलीत वसाहतीतल्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन असायचं आणि उद्घाटन अण्णासाहेब करायचे. मी माझं नाव दिलं, विषय लिहिला 'आपला चौक', आणि संयोजकांनी तो आनंदाने मंजूर केला. काका आणि मी चार रविवार न्हाणीत होतो. दादांनी त्या महिन्यात शेजाऱ्यांकडे आंघोळ केली आणि कुरकुर केली नाही, ही त्यांची बाजू घेण्याची पद्धत. सगळे फोटो पोस्टकार्डाएवढे करून आम्ही तारखांप्रमाणे ओळीने लावले. संध्याकाळचे फोटो काकाने वेगळे काढून एका ओळीत लावले, आणि ती ओळ बाकीच्यांपेक्षा बरीच खाली आली. "काका, ही इतकी खाली का?" मी विचारलं. "खिळे तिथेच होते," तो म्हणाला.

उद्घाटनाच्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर मांडवात आरतीचं तबक फिरत होतं आणि खिरापतीच्या वाटपावरून पोरांचा गलका चालला होता. अण्णासाहेबांनी दारातच भाषण केलं. आपला चौथरा म्हणजे वसाहतीच्या आकांक्षांचं प्रतीक आहे, त्याचं पावित्र्य आजवर अबाधित राहिलं आहे, आणि यापुढेही राहील, अशी ग्वाही त्यांनी दिली. मग फीत कापली, आत वळले, आणि समोरच्या भिंतीवर त्यांच्या आकांक्षांच्या प्रतीकावर चार कुत्री झोपलेली दिसली.

लोक आधी हसले. मग जवळ गेले, कारण प्रत्येकाला भिंतीवर स्वतःचं काहीतरी सापडायला लागलं. "अरे, ही आपली गादी!" "हा मी! हे बघ, चप्पल लावतोय." "सिंधूबाई सगळ्यांत आहे गं." सिंधूबाई स्वतः दारात उभी होती, धुवट लुगडं नेसून, हातातल्या पिशवीत आईसाठी मिरच्या. तिला कुणीतरी पुढे ढकललं. ती एकेका फोटोसमोर जाऊन म्हणत होती, "यात पदर नाय. यात बी नाय. ह्या पोरीनं मुद्दाम केलं."

मी अण्णासाहेबांसमोर उभी राहिले. पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हणाले, "अण्णासाहेब, बघा, सिंधूमावशी दीड वर्षापासून इथे बसतात. हा घ्या पुरावा."

त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ नीट पाहिली, दुसरी पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा!" ते म्हणाले. "वा, मंदा! दीड वर्षाचं अतिक्रमण, तारीखवार! हे काम समितीला जमलं नसतं. हे सगळे फोटो मला दे. अर्जाला जोडतो आणि वर पाठवतो. मग तर एका दिवसात जागा मोकळी होईल!"

मी हे कधी अशा बाजूने पाहिलंच नव्हतं. दीड वर्ष एकाच गोष्टीकडे पाहणाऱ्या माणसाची ही चूक होते. त्याला वाटतं की बाकीचेही तेच पाहतील. सिंधूबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे आणखी वाईट होतं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. फोटो चांगले निघाले."

आणि तेव्हाच खालच्या ओळीसमोरून आवाज आला. "अहो, जरा इकडे या."

नलूकाकू फोटोंसमोर उभी होती. ती ओळ बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीला होती. चष्म्याची दोरी कानामागे टाकून ती एकेका फोटोला नाक लावत पुढे सरकत होती.

"काय आहे?" अण्णासाहेब म्हणाले.

"हे तुम्हीच ना? पायरीवर बसलेले?"

"असेन. संध्याकाळी फिरून आलो की क्षणभर टेकतो. डॉक्टरांनीच सांगितलंय, चालणं."

"हो. आणि हेही तुम्ही. आणि हे. स्वेटर घातलाय. ह्यात छत्री." ती मोजत होती. "अकरा. अहो, अकराही फोटोंत तुमच्या हातात पुडी कशी?"

आसपासची दोन-तीन डोकी त्या ओळीकडे वाकली.

"पुडी? असेल काहीतरी. शेंगदाणे वगैरे."

"शेंगदाण्याच्या पुडीला असे तेलकट डाग?" ती पुढच्या फोटोकडे गेली. "आणि ह्यात तुम्ही बोटं चाटताय."

मी पुढे होऊन पाहिलं. खरंच चाटत होते. मीच काढलेला फोटो. मी त्यात सिंधूबाईचा पदर पाहिला होता, दगडावरचं तिरपं ऊन पाहिलं होतं, पण अध्यक्षांची बोटं पाहिली नव्हती. एक फोटो असता तर ती एक पुडी होती. अकरा फोटोंत तो दिनक्रम होता. मी काकाकडे पाहिलं. काका खिळे तपासत होता.

नलूकाकू वळली. "सिंधूबाई, तुम्ही तर शेजारीच बसता. काय असतं हो त्या पुडीत?"

सगळी खोली सिंधूबाईकडे बघायला लागली. तिला उठवायला निघालेला माणूस समोर उभा होता, आणि तिने एक शब्द उच्चारायचा होता. तिने अण्णासाहेबांकडे पाहिलं. अण्णासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मी शपथेवर सांगते, त्या नजरेत 'बंधू-भगिनींनो' अजिबात नव्हतं.

"मला काय ठावं बाई," सिंधूबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या पुडीत आपन कशाला बघावं?" मग जरा थांबून, मनातला त्रास सांगावा तसं म्हणाली, "माश्या मातर लय येतात."

"जिलबी," नलूकाकू म्हणाली.

कुणीतरी फस्सकन हसलं आणि ते लपवायला खोकलं. नलूकाकूचा आवाज मात्र चढला नाही. "मी दोन वर्षं बिनसाखरेचा चहा पितेय. दोन वर्षं. तुम्हाला सोबत म्हणून. काढा प्यायल्यासारखा पितेय."

"अगं, इथे सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच खात होतात की. चौकात." ती पुन्हा सिंधूबाईकडे वळली. "सिंधूबाई, तुम्ही इथून कुठेही जायचं नाही. मी काही रोज चौकात येऊन बसू शकत नाही. मला इथे विश्वासाचं माणूस हवंय."

"नलू, समितीचा ठराव झालाय..."

"ठराव घरी मांडा," नलूकाकू म्हणाली. "बघू मंजूर होतो का."

त्यावर आई टाळ्या वाजवायला लागली. कापडही ओढलेलं नव्हतं आणि नारळही फुटलेला नव्हता, तरी सगळ्या बायका वाजवायला लागल्या, मग पुरुष, आणि शेवटी समितीतले आठजणही, कारण वाजवणाऱ्यांत आपण नाही असं दिसलं तर आपल्याही घरी फोटो पाहिले जातील अशी भीती त्यांना वाटली असावी. अण्णासाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग या माणसाबद्दल मला कायमचा आदर वाटावा अशी गोष्ट त्यांनी केली, ते हसले. अगदी पोट हलेपर्यंत हसले, आणि म्हणाले, "मंदा, सातवा फोटो मला दे. त्यात मी बरा आलोय."

पुढच्या बैठकीत नवा ठराव झाला. चौथऱ्याचा परिसर स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी श्रीमती सिंधूबाई यांच्यावर सोपवण्यात येत असून त्यांनी दिवसभर तेथे उपस्थित राहावे, असं त्यात लिहिलं होतं. ते अक्षर दादांचं होतं. ज्ञानज्योत तयार झालेली होती, ती एका शाळेला भेट दिली. शाळेने ती सायकल स्टँडपाशी उभी केली. सिंधूबाई चौथऱ्याभोवती फिरत राहिली, झाडं मोठी होऊन तिला त्याच्या सावलीची गरज राहिली नाही तोपर्यंत, आणि नंतरही सवयीने. आज तिथे ट्रान्सफॉर्मर आहे आणि दसऱ्याला वायरमन त्याला झेंडूचा हार घालतात.

त्या संध्याकाळनंतर मी पाचवा रोल घातला. लोक विचारायचे, आता काय राहिलंय त्या दगडात? मला नीट उत्तर देता यायचं नाही. आता देता येतं. एकदा पाहिलेली गोष्ट आपल्याला फक्त भेटते. पुन्हा पुन्हा पाहिली की ती आपल्याला ओळखायला लागते, आणि मग आपण विचारलं नसेल तेही सांगते. जग बदलतं ते मोठ्या समारंभांत, असं ज्यांना वाटतं त्यांनी एका जागी, एका उंचीवरून, एकाच दगडाचे फोटो वर्षभर काढून पाहावेत. खरे बदल कोपऱ्यात होतात, भाषणाविना होतात, आणि ते टिपणं हेच या कलेचं काम आहे, असं मी गंभीरपणे मानते. पाचव्या रोलच्या पहिल्याच फोटोत दगड तोच आहे, ऊन तेच आहे, सिंधूबाईचा पदर तसाच निसटलेला आहे. फक्त डावीकडच्या टोपलीत, पूर्वी अठ्ठेचाळीस फोटोंत कुठेही नसलेली आणि पुढच्या प्रत्येक फोटोत असलेली, कारली आहेत.